ग्रो लाईटच्या काचेवर पाणी साचतंय? आधी बोट फिरवून बघा

जानेवारीत एकदा सकाळी सकाळी आईने हाक मारली, अरे छत गळतंय बघ, तुझ्या पाल्यावर टपटप चाललंय. छत कुठलं गळतंय, ग्वाल्हेरला जानेवारीत कोहरा पडतो (धुकं म्हणायला पाहिजे, पण आमच्याकडे कोहराच म्हणतात), पाऊस नाही. पाणी पडत होतं लाईटच्या काचेवरून.

लश्कर भागातल्या जुन्या घरात मागच्या खोलीत मी रोपं वाढवायचा बंद तंबू लावलाय, त्यात लेट्यूस, तुळस आणि मिरचीची रोपं, वर रोपांना उजेड देणारा 250 वॅटचा सोडियम ग्रो लाईट, काचेच्या हूडचा (बल्बभोवतीचा बंद डबा, खालची बाजू काचेची). खिडकीतून बाहेरची हवा डक्टने (हवेच्या जाड नळीने) हूडमध्ये येते, बल्बची गर्मी घेते आणि पंखा ती दुसऱ्या डक्टने बाहेर फेकतो. उन्हाळ्यात झकास चालतं. पण थंडीत रात्री बाहेर 6-7 डिग्री, तंबूत 24 आणि दमटपणा 65 टक्के, म्हणजे 17 डिग्रीपेक्षा गार जे काही असेल त्याला पाणी सुटणारच, गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून सुटतं ना, अगदी तसंच.

तर आधी मेन स्विच बंद करा, बल्ब पूर्ण गार होऊ द्या (तापलेल्या बल्बवर थेंब पडला तर तो तडकतो) आणि काचेवर खालून बोट फिरवा. बोट ओलं झालं तर पाणी तंबूच्या बाजूला आहे, बोट कोरडं आणि थेंब तसेच दिसतायत तर पाणी हूडच्या आत आहे. दोन्हीचे इलाज वेगळे, आणि मी हे न बघताच आधी चांगला पंखा बदलून पैसे घालवले.

बाहेरून, म्हणजे तंबूच्या बाजूने, ओलं असेल तर काच फार गार पडतेय. थंडीत खिडकीची हवा घ्यायचीच कशाला? मी आत येणारा डक्ट काढून शेजारच्या खोलीत फिरवला, तिथली हवा 15-16 डिग्री असते, वर बल्बची गर्मी, आणि दोन दिवसांत काच कोरडी. खिडकीचीच हवा घ्यायची असेल तर टायमर लावून पंखा लाईटबरोबर बंद करा, नाहीतर बल्ब विझल्यावरही तो रात्रभर काच गारठवत बसतो, आणि बाहेरच्या तोंडाला उलटी हवा अडवणारी झडप लावा. गार हवेच्या डक्टला फोम गुंडाळा, एसीच्या पाइपवर असतो ना तो काळा, एसी रिपेअरवाल्यांकडे मिळतो. फोमचे जोड टेपने पक्के बंद करा, फट राहिली की दमट हवा आत शिरते आणि फोमच्या खाली पाणी धरतं, ते दिसतही नाही.

हूडच्या आतून ओलं असेल तर तंबूची दमट हवा हूडमध्ये घुसतेय. पंखा ओढणारा असला की ढिल्या जोडातून ती आत खेचली जाते. काचेचं रबर बघा, डक्टच्या जोडांना अ‍ॅल्युमिनियमची टेप मारा, कापडी टेप गर्मीने सुटते. काही जण मुद्दाम तंबूचीच हवा हूडमधून बाहेर काढतात, तिथे बाहेरच्या बाजूचा डक्ट गार पडून त्यात पाणी होतं आणि उताराने परत हूडमध्ये येतं. त्या डक्टलाही फोम लावा आणि उतार हूडपासून बाहेरच्या दिशेला द्या. माझा डक्ट मधे पोटासारखा लोंबत होता, काढला तेव्हा त्यातून कपभर पाणी निघालं!

पावसाळ्यात एसीच्या खोलीत तंबू असेल तर सगळं उलटं होतं, बाहेरची दमट हवा गार डक्टमध्ये आतून पाणी सोडते. तेव्हा बाहेरची हवा घेऊच नका.

दमटपणा कमी केला तर निम्मं काम तिथेच होतं. तो 50 टक्क्यांवर आणलात की 24 डिग्रीला पाणी सुटायची हद्द 17 वरून 13 वर येते. पाणी लाईट लागल्यावर लगेच घाला, विझायच्या आधी नको, आणि लाईट विझल्यावर तासभर तंबूची हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा (हूडचा पंखा नाही), कारण हवा गार झाली की दमटपणा झपकन वर चढतो. दमटपणाचा मीटर पानांच्या उंचीवर टांगा, माझा आधी दाराशी होता आणि रोज खोटं बोलायचा.

वायरला हूडजवळ खाली एक झोळ द्या म्हणजे थेंब तिथून गळून जाईल, सॉकेटपर्यंत पोचणार नाही. बॅलास्ट (बल्बला वीज पुरवणारा डबा) तंबूच्या बाहेर ठेवा, जमिनीवर नको.