श्रीलंकेच्या निसर्गसहलीत मुंबईकरांकडून होणाऱ्या चुका

मुंबईहून कोलंबोला विमानाने साधारण अडीच तासांत पोहोचता येते आणि घड्याळाचे काटेही फिरवावे लागत नाहीत. त्यामुळे अनेक कुटुंबे श्रीलंकेची सहल गोव्याच्या सहलीसारखीच आखतात: आधी मुलांची सुट्टी पाहायची, मग विमानाची स्वस्त तिकिटे काढायची आणि शेवटी देवमासे, हत्ती, बिबटे, चहाचे मळे व वर्षावन यांपैकी काय काय बसते ते पाहायचे. सिगिरियाचा कातळ किंवा कँडीचे दंतमंदिर पाहण्यासाठी ही रीत चालते, कारण ती स्थळे बारा महिने जागेवरच असतात. वन्यजीव आणि डोंगर पाहायचे असतील, तर मात्र तारीख ठरल्यावर ठिकाण बदलण्याची तयारी ठेवावी लागते.

आपल्या पावसाचे वेळापत्रक तिकडे लावणे

मुंबईत पाऊस जूनमध्ये येतो आणि सप्टेंबरअखेरीस ओसरू लागतो. श्रीलंकेत मोसमी पाऊस दोनदा आणि दोन वेगळ्या दिशांनी येतो. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल, सिंहराजचे वर्षावन आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतात, तेव्हा पलीकडे पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीच्या बाजूला कडक ऊन असते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी पाऊस पूर्वेला आणि उत्तरेला पडतो, तर दक्षिण किनारा बराचसा कोरडा राहतो. या दोन हंगामांमधले ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने सर्वांत बेभरवशाचे असतात, कारण तेव्हा जवळजवळ संपूर्ण बेटावर दुपारनंतर विजांसह पाऊस होतो आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचाही धोका असतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळात डोंगराळ भागात दरडी कोसळून शेकडो माणसे दगावली आणि रेल्वेमार्गाचेही मोठे नुकसान झाले. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी याच महिन्यांत येते.

सुट्टी बदलता येत नसेल, तर ठिकाण बदलावे. नाताळात दक्षिण किनारा, मिरिस्साचे देवमासे आणि उदावलवेचे हत्ती हा भाग निवडावा आणि त्रिंकोमाली सोडून द्यावे. मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जाता येत असेल, तर ‘याला’, ‘विल्पत्तू’ यांसारखी कोरड्या पट्ट्यातील उद्याने सोयीची पडतात. महिना सरत येईल तसा मिरिस्साचा समुद्र खवळतो. ऑगस्टमध्ये जोडून सुट्ट्या मिळाल्या, तर तो काळ मिन्नेरियाच्या हत्तींसाठी योग्य. दिवाळीतच जायचे असेल, तर सगळे फिरणे पहाटे ते दुपार या वेळेत आटोपेल असा कार्यक्रम आखावा, दोन मुक्कामांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि घाटरस्त्याचा प्रवास दुपारनंतर करू नये.

हत्ती नक्की दिसतील असे गृहीत धरणे

मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. कोरड्या दिवसांत त्याचे पाणी मागे हटते, उघड्या पडलेल्या तळावर कोवळे गवत उगवते आणि त्या गवतासाठी आसपासच्या जंगलांतून हत्तींचे कळप जमतात. जुलैपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हे दृश्य दिसते. डिसेंबरमध्ये मिन्नेरियाची जीप ठरवणाऱ्यांना भरलेला तलाव दिसतो, आणि दोष गाइडला दिला जातो. अलीकडच्या काही वर्षांत मोरगहकंद धरणातून आलेल्या पाण्यामुळे ऐन कोरड्या दिवसांतही तलाव भरलेला राहून गवत बुडाल्याचे प्रकार घडले आहेत, म्हणून योग्य महिन्यातसुद्धा जीपचे पैसे भरण्यापूर्वी हत्ती सध्या कुठे आहेत हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारावे. मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलु ही तिन्ही जंगले एकमेकांना लागून असून कळप त्यांच्यात ये-जा करत असतात. जीपवाल्याला उद्यानाचे नाव न सांगता ‘जिथे हत्ती असतील तिथे न्या’ असे सांगणे अधिक शहाणपणाचे. बारमाही खात्रीचे ठिकाण हवे असेल, तर उदावलवे आहे. तेथे रस्त्यालगतच्या विजेच्या कुंपणापाशी हत्ती उभे असतात आणि फळविक्रेत्यांकडून केळी घेऊन त्यांना भरवण्याचा मोह होतो. तो टाळावा, वन्य हत्तींना खाऊ घालणे तेथे बेकायदा आहे आणि अशा सवयीमुळे वाहने अडवू लागलेले हत्ती शेवटी माणसांच्या व स्वतःच्याही जिवावर बेततात.

यालातील बिबट्यामागे धावणे

श्रीलंकेत वाघ नाही, बिबट्या हाच तेथील जमिनीवरचा सर्वांत मोठा शिकारी प्राणी आहे. यालाचा पहिला विभाग त्यासाठी इतका प्रसिद्ध झाला आहे, की एका बिबट्याभोवती जीपची रांग लागते. बोरिवलीच्या जंगलाशेजारी बिबट्यांसह राहणाऱ्या शहरातील माणसांनी त्यासाठी एवढी घाई करावी, याची गंमत वाटते. चालकाला निघण्यापूर्वीच सांगावे, की फोनवर खबर आली म्हणून गाडी पळवायची नाही. शांतता हवी असेल, तर बेटावरचे सर्वांत मोठे उद्यान असलेले विल्पत्तू पाहावे. तेथे बिबट्या दिसण्याची शक्यता थोडी कमी असली, तरी तळ्याकाठी निवांत बसता येते. कोरड्या हवामानामुळे यालाचा हा विभाग सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अनेकदा बंद ठेवतात, हेही हॉटेलचे पैसे भरण्यापूर्वी तपासावे. उद्यानाच्या तिकीट खिडकीवर पासपोर्ट जवळ असावा, कारण सार्क देशांच्या नागरिकांसाठी दर वेगळा असतो.

किलोमीटर पाहून वेळ ठरवणे

कोलंबोहून दक्षिणेला हंबनटोटापर्यंत द्रुतगती मार्ग आहे, त्यामुळे त्या बाजूचा प्रवास पुण्याच्या प्रवासासारखा ठरल्याप्रमाणे होतो. डोंगरातल्या नुवारा एलियाची गोष्ट वेगळी आहे: अंतर जेमतेम १६० किलोमीटर असले, तरी वळणावळणांच्या रस्त्याने पाच तास सहज लागतात. पाच दिवसांत डोंगर, किनारा आणि दोन अभयारण्ये दाखवणारे पॅकेज म्हणजे बहुतांशी गाडीची खिडकी असते. कँडी ते एल्ला या रेल्वेची आरक्षणे साधारण महिनाभर आधी सुरू होतात आणि लवकर संपतात. ती मिळाली नाहीत, तर विनाआरक्षित डब्यात जाता येते. लोकलची सवय असलेल्याला ते जड जाणार नाही. गाडी सध्या कुठपर्यंत धावते, हे वादळानंतरच्या काळात आधी पाहणे आवश्यक आहे.

हॉर्टन प्लेन्सला उशिरा पोहोचणे ही याच हिशेबातली चूक. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असलेल्या या पठाराच्या टोकाला वर्ल्ड्स एंड हा सुमारे ८७० मीटर खोल कडा आहे, आणि सकाळी नऊ-दहानंतर तो बहुधा धुक्यात बुडतो. त्यामुळे नुवारा एलियाहून पहाटे पाचच्या सुमारास निघणे भाग आहे. पहाटे बोचरी थंडी असते. सुती शर्टावर भागत नाही. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासून प्लॅस्टिकची वेष्टने काढून घेतात, म्हणून खाऊ डब्यात न्यावा. धुके आधीच दाटले असेल, तर कड्यापाशी ताटकळत न बसता वाटेवरचा बेकर्स धबधबा पाहून फेरी पूर्ण करावी.

समुद्र आणि जळवा

मिरिस्साजवळ खोल पाणी किनाऱ्यापासून फार दूर नाही, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल तेथे निळे देवमासे दिसतात. गेटवेहून मांडव्याला लाँचने गेल्याचा अनुभव तेथे कामाला येत नाही. मळमळ थांबवणारी गोळी, डॉक्टरांना विचारून, बोटीवर चढण्यापूर्वी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. देवमाशाचा पाठलाग करून त्याच्या अगदी समोर बोट घालणारा चालक चतुर वाटला, तरी अंतर राखणारी बोट निवडावी.

सिंहराजला १९८८ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. ताडोबात सफारी केलेल्यांना येथे पहिला अर्धा तास जंगल रिकामे वाटते आणि ते परत फिरतात. येथे पक्षी मिश्र थव्याने हिंडतात. थवा आला की दहा मिनिटांत अनेक जाती दिसतात, नाही तर काहीच दिसत नाही. त्यामुळे गाइडसोबत सावकाश चालावे. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे तेथेच मिळतात. जळू चिकटलीच, तर ती ओढू नये. नख तिच्या तोंडाखाली सरकवून सोडवावी आणि जखम साबणाने धुऊन दाबून धरावी. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे ते बराच वेळ वाहत राहते, पण तेवढ्याने घाबरून दवाखाना शोधत फिरण्याचे कारण नसते.