सहा व्होल्टच्या जुन्या गाडीला बॅटरीची आणि सेल्फची केबल कशी निवडावी

देवगडला आमच्या कलमांच्या बागेत आजोबांनी घेतलेली विलीज जीप आहे, महायुद्धाच्या काळातली, सहा व्होल्टची. एका पावसाळ्यानंतर तिचा सेल्फ रडायला लागला. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या, सेल्फ खोलून नवे कार्बन घातले, तरी हँडल मारल्याशिवाय गाडी उठेना. शेवटी ट्रॉलरची कामं करणाऱ्या एका वायरमनने बॉनेट उघडलं, मला सेल्फ मारायला सांगितला आणि केबलच्या टोकाला हात लावून झटकन काढला. टोक चटका बसण्याइतकं तापलं होतं. "बॅटरीक काय झालेला नाय, ही केबल बारीक आसा," एवढंच तो म्हणाला. मधे कधीतरी कुणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची तयार केबल बसवून दिली होती.

म्हणून आधी केबल बघा, मग बॅटरीच्या दुकानात जा.

जाड केबल का लागते

सेल्फला ताकद तेवढीच हवी, पण व्होल्ट निम्मे. म्हणजे अँपिअर दुप्पट. दुप्पट करंट त्याच तारेतून गेला की तारेत दुप्पट व्होल्ट गळतात, आणि हे गळणं १२ मधून नव्हे, ६ मधून वजा होतं. म्हणून टक्केवारीत तोटा चौपट. १२ व्होल्टच्या गाडीत २५ चौरस मिमीची केबल जेवढा तोटा करते, तेवढाच सहा व्होल्टवर ठेवायचा तर हिशोबाने १०० चौरस मिमी तांबं लागेल.

प्रत्यक्षात एवढं लागत नाही. समजा सेल्फ २०० अँपिअर ओढतो आणि जाऊन-येऊन २ मीटर केबल आहे. १६ चौरस मिमीच्या तांब्यात साधारण ०.४३ व्होल्ट जातात, २५ मध्ये ०.२८, ५० मध्ये ०.१४ आणि ७० मध्ये ०.१. सांध्यांचा तोटा याहून वेगळा. माझं मत सरळ आहे: केबल आखूड असेल तर ५० चालेल, नाहीतर ७० घ्या. बीटलसारख्या गाडीत बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिथेही ७० घ्यायला हरकत नाही. जाड केबलने नुकसान काही होत नाही, फक्त वळवायला जड जाते.

आधी मोजा

डिस्ट्रिब्युटरच्या मधली कॉइलची वायर काढून तिचं टोक इंजिनला अर्थ करा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर डीसीवर लावा. एक काटा बॅटरीच्या खांबावर टेकवा (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर), दुसरा सेल्फच्या बोल्टवर. कुणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा वाचा. मग अर्थच्या बाजूला तसंच करा: बॅटरीचा दुसरा खांब आणि सेल्फची बॉडी. प्रत्येक बाजूला ०.२ व्होल्टच्या आत असेल तर केबल निर्दोष, दुखणं दुसरीकडे शोधा. आमच्या जीपला एकट्या अर्थच्या बाजूलाच ०.६ आला होता.

जीपला सेल्फचा स्विच पायाखाली असतो. बॅटरीची केबल तिथे जाते आणि तिथून दुसरी सेल्फला. त्या स्विचच्या दोन बोल्टांमध्येही मोजा. आतले तांब्याचे संपर्क जळून खडबडीत झालेले असतील तर कितीही जाड केबल घालून फायदा नाही.

केबल विकत घेताना

वेल्डिंगची तांब्याची केबल या कामाला उत्तम. बारीक तारांची असल्यामुळे इंजिन हललं तरी तुटत नाही. मात्र वेल्डिंग केबल अॅल्युमिनियमचीही मिळते, आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली तर दिसायला हुबेहूब. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि खाऱ्या हवेत तांब्या-पितळेला लागून बसलं की अॅल्युमिनियम भराभर गंजून झिजतं. तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर परत करा.

बाहेरच्या जाडीवर जाऊ नका. रबर जाड आणि आत तांबं कमी, असा माल असतो. मी केबलचा १० सेंटिमीटर तुकडा सोलून सोनाराच्या काट्यावर ठेवला. ७० चौरस मिमीचं तांबं असेल तर तेवढ्या तुकड्याचं वजन ६२ ग्रॅमच्या आसपास भरतं, ५० चं ४५ च्या. माझा पहिला तुकडा ४१ भरला, आणि केबलवर ७० छापलं होतं! दुकानदाराने निमूट बदलून दिली.

शक्य असेल तर कलई केलेल्या तारांची केबल शोधा. तांब्याच्या भांड्यांना आपण कलई का करतो हे कोकणात वेगळं सांगायला नको. तेच कारण इथे. मालवण, रत्नागिरी, हर्णै अशा बंदरांच्या आसपास होड्यांची वायरिंग करणाऱ्यांकडे विचारा. साधं तांबं आपल्याकडे टोकातून ओल शोषतं आणि रबराखाली हातभर आतपर्यंत काळंहिरवं पडतं. बाहेरून काही दिसत नाही, वाकवली की आत करकर आवाज येतो.

लांबी सुतळीने मोजा, गाडीत केबल जिथून जाईल तशीच सुतळी फिरवून. इंजिन हलतं त्यासाठी चार बोटं सैल ठेवा.

टोकं

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारा बोल्टाच्या भोकाचा तुकडा, तांब्याचा, कलईचा, केबलच्याच मापाचा. हातोडीने ठोकून बसवलेला लग वर्षभरात ढिला होतो. हायड्रॉलिक प्रेसने क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून घ्या. वरून आत डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि डिंक कडेने बाहेर येईपर्यंत तापवा. पाणी आत जायचा रस्ता तिथेच बंद होतो.

बॅटरीचा प्लस खांब मायनसपेक्षा जाड असतो. फोर्ड मॉडेल ए सारख्या गाड्यांना प्लस अर्थ आहे, तेव्हा मोठा क्लॅम्प अर्थच्या केबलला लागेल. जीपला मायनस अर्थ. ऑर्डर देण्याआधी स्वतःच्या गाडीचं बघा.

बसवताना

काढताना अर्थची केबल पहिली, लावताना शेवटची; मग अर्थ प्लस असो की मायनस. अर्थ चासीच्या रंगावर नको. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून बॅटरीची अर्थ थेट इंजिनच्या किंवा गियरबॉक्सच्या बोल्टला द्या आणि तिथून चासीला वेगळी केबल जोडा. अर्थची जुनी जाळीदार तारांची पट्टी उघडी असल्याने आपल्या हवेत फार टिकत नाही. लग बसतो ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, नट आवळा, आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन चोपडा.

या केबलला फ्यूज नसतो. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, सायलेन्सरपासून दूर ठेवा, वीतभर अंतराने पट्ट्यांनी बांधा. घासून उघडी पडली तर गाडी पेटते.

मग पुन्हा मीटर लावा. आमचा अर्थचा आकडा ०.६ वरून ०.१ वर आला आणि तीच 'खराब' बॅटरी अजून चालते आहे. दर वर्षी खंडेनवमीला गाडी धुतो, तेव्हा हार घालण्याआधी सगळे सांधे उघडून पुसतो आणि नवं व्हॅसलीन लावतो.