एचआयव्हीची भीती डोक्यातून जात नसेल तर: सातव्या रिपोर्टनंतर मी काय केलं

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर मी हिशेब लिहितो, राहतो कोपरखैरणेला. दाढी करताना सलूनमध्ये वस्तरा कानामागे लागला, टॉवेलवर रक्ताचा ठिपका उमटला आणि पुढचं दीड वर्ष मी एचआयव्हीच्या भीतीत काढलं. सात वेळा रक्त तपासलं. सातही वेळा निगेटिव्ह. रिपोर्ट हातात आला की दोन दिवस बरे जायचे. तिसऱ्या दिवशी वाटायचं, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर? तुम्हीही याच फेऱ्यात अडकला असाल तर मला कशाचा उपयोग झाला ते सांगतो.

आधी खरंच धोका होता का, हे माणसाशी बोलून ठरवा, मोबाइलवर शोधून नाही. 1097 हा एड्सचा सरकारी हेल्पलाइन नंबर मोफत आहे. मी वाशीच्या महापालिका रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात गेलो. तिथे पैसे लागत नाहीत, आणि 2017 च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या ताईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, बाधित माणसाला टोचलेली सुई नर्सला टोचली तरी हजारात साधारण तिघींना लागण होते, तीही औषध घेतलं नाही तर. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही." थुंकी, घाम, डास, संडासाची सीट, एका ताटातलं जेवण यातून तो पसरत नाही.

कंडोमशिवाय संबंध आला असेल किंवा दुसऱ्याची सुई वापरली असेल, तर मात्र घरी विचार करत बसू नका. 72 तासांच्या आत रुग्णालय गाठा. 28 दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येते. तेवढे तास उलटून गेले असतील तर चाचणीची तारीख त्यांच्याकडूनच घ्या. गोळ्या घेतल्या नसतील, तर तीन महिन्यांनंतरची निगेटिव्ह ही शेवटची. तिच्यापुढे चाचणी करायची नाही.

खरी कसोटी इथून पुढे आहे. एचआयव्हीचंच लक्षण असेल म्हणून मी दिवसातून तीस-चाळीस वेळा जबड्याखालची गाठ दाबायचो. दाबून दाबून ती जागा दुखायला लागली आणि दुखतंय म्हणून भीती आणखी वाढली. पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, तपासणं बंद करू नका, आधी लांबवा. म्हणून मी पावतीपुस्तकाच्या मागे वेळ लिहायला लागलो. एका सकाळची नोंद अशी आहे: "7:40, गाठ बघावीशी वाटते. 7:55, अजून वाटते. 8:10, रिक्षा मिळाली." त्यापुढे काही लिहिलेलंच नाही. पहिला आठवडा फार जड गेला, छाती धडधडायची. तरी हात खिशात ठेवायचा आणि 15 मिनिटं काढायची. जमलं की 30 करायची. गूगलवर लक्षणं शोधण्याचंही तसंच.

घरच्यांना यात घ्या. मी रोज रात्री बायकोला विचारायचो, "मला काही नाही ना गं?" ती बिचारी रोज समजूत घालायची आणि त्याच समजुतीवर माझी भीती पोसली जात होती. डॉक्टरांनी तिला बोलावून हे सांगितलं. त्या रात्रीपासून तिचं उत्तर ठरलं, "अहो, ऐकलं मी. उत्तर देणार नाही. चहा टाकते." मला राग आला, रडूही आलं. पण तीन आठवड्यांनी माझं विचारणं कमी झालं.

मला मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या भीतीवरच्या गोळ्याही घ्याव्या लागल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून आठ दिवसांत सोडू नका आणि मनानेही बंद करू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जायची लाज वाटत असेल तर आधी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर बोला. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही फोन उचलतात. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा.

गेल्या रविवारी त्याच सलूनमध्ये गेलो. त्याने नवं ब्लेड कागदातून काढलं, ते मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही. कानामागे जरा चुरचुरलं. घरी आलो, आंघोळ केली आणि थेट जेवायला बसलो. बांगडे तळले होते.