आयटीआयमध्ये दिव्यांग मुलं शिकवताय? या चुका टाळा

दरवर्षी प्रवेश संपले की तालुक्याच्या आयटीआयमध्ये तेच दिसतं. दिव्यांग मुलगा फिटर किंवा वेल्डरला येतो, निदेशक त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहतात आणि ठरवून टाकतात, "याला कोपाला (संगणकाच्या ट्रेडला) टाका, संगणकावर बसून राहील." डीजीटीच्या, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या, प्रत्येक ट्रेडच्या अभ्यासक्रमात कोणत्या प्रकारच्या दिव्यांगांना तो ट्रेड घेता येतो, हे सुरुवातीच्याच पानांत दिलेलं असतं. ते पान आधी उघडा. पोराला कोणता ट्रेड हवा, हे त्यालाच विचारा.

दया म्हणून काम काढून घेणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, आणि ती करणारे बहुतेक जण मनानं चांगले असतात, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

एका संस्थेत फिटरच्या प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलाचा पाय लहानपणीच्या अपघातात गुडघ्याखालून गेलेला, कृत्रिम पाय लावून यायचा. जॉब नर-मादी फिटिंगचा, म्हणजे दोन तुकडे एकमेकांत नेमके बसवायचा. त्यानं कानस हातात घेतली तेव्हाच कळलं, की या हाताला कानस माहीत नाही. घासलेला पृष्ठभाग मधे फुगलेला, ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावला की दोन्ही कडांना उजेड दिसत होता. वही पाहिली तर वर्षभराचे सगळे जॉब नोंदलेले आणि गुणही चांगले. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, मले कोनी कानस धरूच देली नाई. हजेरी लिहायले लावत." दोन वर्षं तो हजेरी लिहीत होता, टूल क्रिबची, म्हणजे हत्यारांच्या खोलीची, नोंद ठेवत होता. जॉब दुसरी पोरं घासून देत. तिथले निदेशक मला म्हणाले, "उभं राहून दुखते त्याले, म्हनून त्रास देल्ला नाई." तो नापास झाला.

मुलगा आमच्याच बाजूच्या गावचा. पुरवणी परीक्षेपर्यंत संध्याकाळी आमच्या वर्कशॉपमध्ये येऊ लागला. व्हाइसचा (जॉब पकडायच्या शिकंजाचा) जबडा काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला हवा, हे आपण पहिल्याच आठवड्यात शिकवतो. मग बसणाऱ्याचं कोपर जिथं येतं, तिथं व्हाइस आणायला कोणी मनाई केली आहे? वेल्डरच्या पोरांनी अँगलचं बुटकं बेंच करून दिलं. स्टूल जमिनीला बोल्टनं पक्कं केलं, कारण कानशीच्या जोरानं स्टूल मागे सरकलं की माणूस पडतो. उभ्यानं घासताना अंगाचा भार पुढे जातो आणि धक्का त्यातून मिळतो. बसल्यावर तो खांद्यातून काढावा लागतो, म्हणून आखूड कानस दिली आणि कमी धातू काढायला लावला. सुरुवातीला नुसतं सपाट घासणं, बाकी काही नाही. पुरवणीत तो पास झाला. आज जिनिंगमध्ये मेंटेनन्सला आहे.

जॉब तोच, माप तेच, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) तोच. बदलायची ती उंची, हत्यार, वेळ. नव्या निदेशकांना बेंच बदलायला चार दिवस नको वाटतात, त्यापेक्षा हजेरीची वही पुढे सरकवणं सोपं पडतं. पण असल्या सोप्या वाटेनं आलेलं प्रमाणपत्र कारखान्याच्या दारात पहिल्याच दिवशी उघडं पडतं.

सिकलच्या मुलाला आळशी ठरवणं

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, हे आपल्याच भागातल्या कितीतरी संस्थांना माहीत नसतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, सगळीकडे हा आजार घराघरांत आहे. मुलगा चालता-फिरता दिसतो, म्हणून त्याच्या दुखण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. वर्कशॉपमध्ये खाली बसला की "नाटकं करते" म्हणतात.

अंगातलं पाणी कमी झालं, अतिश्रम झाले, थंडी किंवा ताप आला, की या मुलांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं असह्य दुखतात. आता एप्रिल-मेमधलं चंद्रपूर डोळ्यांपुढे आणा. पत्र्याचं शेड, त्यात वेल्डिंगची धग, अंगावर चामड्याचा ॲप्रन. तिथं पाण्याची बाटली बाहेर ठेवायला लावणं म्हणजे मुलाला दवाखान्यात धाडणं. मी पाण्याचा माठ शेडच्या दारातच ठेवतो आणि पाणी प्यायला कोणी विचारायचं नाही, असं पहिल्याच दिवशी सगळ्या बॅचला सांगतो. वेल्डिंगचं काम सकाळी पहिल्या तासाला, ड्रॉइंग आणि थिअरी दुपारी. थांबायला सावलीची जागा. एवढ्यावर बरंच भागतं. अंग दुखू लागलं की काम बंद, आणि दुखणं वाढलं, ताप आला किंवा छातीत दुखलं तर लगेच दवाखाना. रात्रीपर्यंत वाट पाहू नका.

एक घोळ नेहमी होतो. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. मुलगा वाहक असो की रुग्ण, आईवडील "सिकल आहे" एवढंच म्हणतात, तेव्हा सिकलच्या तपासणीचं कार्ड मागून पाहा. आणि दवाखान्याचे कागद त्याच आठवड्यात फाइलला लावा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि वर्षाच्या शेवटी जुन्या चिठ्ठ्या कोणाच्या घरात सापडत नाहीत.

कर्णबधिर मुलाकडे पाठ करून शिकवणं

लेथकडे तोंड करून बोललात की त्याच्यासाठी तो तास बुडाला. मुलाकडे तोंड करा, आधी करून दाखवा, मग सांगा. दोन्ही एकदम केलं तर तो हातांकडे पाहील की ओठांकडे? वेल्डिंगचं हेल्मेट खाली घेण्याआधी "थांब"ची खूण ठरलेली हवी, आणि ती सगळ्या बॅचला यावी. घंटेसोबत दिवा लागेल अशी जोडणी वायरमनची पोरं एका दिवसात करतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश ऑनलाइन फुकट आहे. पण खेड्यातल्या पुष्कळ मुलांना घरच्याच खुणा येतात, म्हणून मी हत्यार हातात देऊन खूण ठरवतो.

बाकीच्या, थोडक्यात

रॅम्प मोटारसायकल चढवायच्या हिशेबानं बांधू नका. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट. आणि त्यावर गाड्या लावू देऊ नका.

लेखनिकाचा अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी करू नका. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली आहे म्हणून लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये सांगितलं आहे.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर प्रवेशाच्याच महिन्यात मुलाला जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाकडे पाठवा. एसटीची ७५ टक्के सवलतही त्याला मिळू लागेल.

गावाला जाणारी शेवटची एसटी किती वाजता आहे, ते वेळापत्रक लावण्याआधी विचारा. कुबडी घेऊन फाट्यापर्यंत पोचायला त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून त्याचं प्रात्यक्षिक पहिल्या पाळीत घ्या.