मांजराच्या पाठीला हात लावू देण्याआधी

मांजराला कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने छोटे झटके देऊन आखडलेले सांधे मोकळे करणाऱ्याकडे, न्यायचंय असं कुणी म्हणालं की मी एकच विचारते: कशासाठी? ‘पाठ आखडलीय’ एवढ्यावर माझं भागत नाही. पाठ आखडते ती संधिवाताने, मणक्यांमधल्या चकतीच्या त्रासाने, कधी लघवीच्या दुखण्याने, क्वचित एखाद्या गाठीमुळेही. बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासणारा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 90 टक्के मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. म्हणजे म्हाताऱ्या मांजराचं दुखणं बहुतेक वेळा खरंच असतं, ते फक्त बोलून दाखवत नाही. तेव्हा आधी व्हेटची तपासणी, मग बाकी सगळं. मी स्वतः व्हेट आहे, त्यामुळे हे धंद्यापायी सांगतेय असं वाटलं तर वाटू दे.

एक प्रसंग मात्र असा की तेव्हा कायरोप्रॅक्टरचं नावही काढू नका. मांजर अचानक किंचाळलं, मागचे पाय लुळे पडले आणि पंजे हाताला गार लागले, तर बहुधा रक्ताची गुठळी धमनीत अडकलेली असते. तिथे मिनिटं मोलाची. जवळचं इमर्जन्सी क्लिनिक गाठा.

कायरोप्रॅक्टरकडे जायचं नक्की झालं की घरीच मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा: पलंगावर उडी मारताना, जिना उतरताना, लिटर बॉक्समध्ये पाय टाकताना. दवाखान्यात मांजर दगडासारखं बसतं, लंगडणंही लपवतं. कमरेवरची लवही नीट बघा. तिथे गुंता किंवा कोंडा साचला असेल, तर पाठ वळवून चाटणं त्याला जमत नसणार.

माणूस निवडताना संकोच नको. 1895 मध्ये डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली ती माणसांसाठी. प्राण्यांवर हात ठेवणारा एकतर व्हेट असावा, नाहीतर प्राण्यांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला कायरोप्रॅक्टर. नियम देशागणिक वेगळे आहेत. बऱ्याच ठिकाणी व्हेटची परवानगी लागते. ‘मांजरं किती बघता?’ हे आवर्जून विचारा, कारण यातल्या बहुतेकांचा हात कुत्र्या-घोड्यांवर बसलेला असतो. समोरून ‘एक्स-रे, रिपोर्ट आणलेत का?’ असा प्रश्न आला तर निर्धास्त व्हा. ‘औषधं बंद करा, मी बघतो’ असं ऐकू आलं तर कॅरियर उचला आणि निघा.

आता प्रत्यक्षात काय होतं? सुरुवातीचा बराच वेळ काहीच होत नाही, आणि तसंच हवं. कॅरियरचं दार उघडं ठेवून मांजराला खोली हुंगू देतात, त्याची चाल बघतात. मग बोटांची टोकं मानेपासून खाली सरकत जातात: मानेचे 7 मणके, पाठीचे 13, कमरेचे 7, पुढे त्रिकास्थी (कमरेखालचं जुळलेलं हाड) आणि शेपूट. प्रत्येक सांधा दोन्ही बाजूंना किती हलतो ते चाचपतात. जिथे अडतं तिथे अंगठ्याने किंवा बोटांनी एक छोटा झटका. वेग जास्त, अंतर अगदी कमी, जोर बेताचा. तुमची पापणी लवली तर कळणारही नाही. ‘कट्’ आवाज आला किंवा नाही आला, त्याला काही अर्थ नाही. काही जण स्प्रिंगचं छोटं यंत्र वापरतात. त्याच्या टकटकीनेच काही बोके टेबलाखाली पसार होतात. कान मागे गेले, शेपूट आपटायला लागली, पाठीची कातडी थरथरली की थांबायचं. मांजराला दाबून धरून झटके देणारा माणूस मला चालत नाही.

‘मणका सरकलाय, जागेवर बसवतो’ या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. मणका खरोखर सरकला असेल तर ते सर्जनचं काम; हाताने छेडणं घातक. इथे फक्त आखडलेल्या सांध्याची हालचाल मोकळी करण्याचा प्रयत्न असतो. पुरावा तोकडा आहे: थोडेफार अभ्यास झालेत ते मुख्यतः घोड्या-कुत्र्यांवर. म्हणून वेदनेवरचे उपचार, वजन उतरवणं, पलंगाशी पायरी ठेवणं हे सगळं सुरू असेल, तरच जोडीला म्हणून मी पाठवते.

घरी आल्यावर मांजर त्या दिवशी जास्त झोपेल, कदाचित थोडं अवघडल्यासारखं चालेल. उंच उड्या टाळा. दुखत असेल असं वाटून घरातलं पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. मांजराचा त्याने जीव जातो. एक-दोन दिवसांत अवघडणं कमी झालं नाही, खाणं सुटलं किंवा पाय ओढायला लागलं तर लगेच व्हेटला फोन करा.

फायदा झाला का, हे मनाला विचारू नका. पैसे मोजले की सगळ्यांनाच मांजर तरतरीत दिसतं. आधीचा व्हिडिओ उघडा, तीच उडी पुन्हा शूट करा, शेजारी शेजारी लावून बघा. दोन-तीन बैठकींनंतर फरक नसेल तर बंद करा. दर महिन्याला आयुष्यभर यायलाच हवं, असं कुणी सांगितलं तरीही.

कुत्र्यांचं साधारण असंच, पण डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या जातींत चकती निसटण्याचा धोका मोठा. तिथे न्यूरोलॉजिकल (मज्जातंतूंच्या) तपासणीशिवाय पाठीला हात लावू देऊ नका. घोड्याच्या बाबतीत आधी खोगीर नीट बसतं का ते बघा, मग खूर आणि दात. खोगीरच टोचत असेल तर पाठ पुन्हा दुखणारच. ससे मात्र मी पाठवतच नाही. नीट न धरलेला ससा घाबरून मागचे पाय झाडतो आणि त्या झटक्यात स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो.