उडी चुकतेय? आधी टीव्ही तपासा

मे महिन्यात भाचे परभणीला आले की दुपारी बाहेर पडायची सोय नसते. मग कूलरसमोर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सुरू होतो. गेम १९८५चा, पण आजही घाम फोडतो. पोरं चिडली की मी आधी टीव्हीच्या सेटिंगमधला ‘गेम मोड’ चालू करते. नवे टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतात, म्हणून बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो. जुन्या डबा टीव्हीत हा उशीर जवळपास नव्हताच.

मग उडीचा सराव. बटण जितकं धरून ठेवाल तितकी उडी उंच, आणि धावत आलात तर लांबही. पाच मिनिटं नुसत्या उड्या मारा, नाणी राहू द्या. पडल्यावर मोठ्याने सांगायचं : ‘लवकर दाबलं’ की ‘उशिरा’? चूक कुठे झाली ते कळतं, आणि पुढच्या खेपेला तोच खड्डा पार होतो तेव्हा पोरं अक्षरशः नाचतात!

लहानग्यांना ‘सेलेस्ट’ (२०१८) हा उड्यांचाच दुसरा गेम द्या. त्यात कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी घेता येते, पडलं की लगेच त्याच पडद्यावर पुन्हा सुरुवात होते. जड गेलं तर ‘असिस्ट मोड’मध्ये खेळाचा वेग कमी करा.