कॉम्प्युटर तापतोय? फॅन विकत आणण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात अकोल्यात दुपारी तीन वाजता माझ्या खोलीचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. तेव्हा पीसी चालू करून नुसतं बसलं, तरी प्रोसेसर ५२-५५ अंश दाखवतो. आधी हा आकडा पाहून पोटात गोळा यायचा. पण फॅन शेवटी खोलीतलीच हवा हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर मारतो. ती हवाच ४० अंशांची असेल, तर प्रोसेसर त्याखाली जाणार कुठून? यूट्यूबवर ३२ अंश दाखवणारा माणूस एसीत बसलेला असतो. त्याच्याशी बरोबरी करू नका.

पहिली चूक म्हणजे कॅबिनेटला हात लावून 'तापलंय' ठरवणं. पत्रा गरम लागला म्हणजे उष्णता निदान बाहेर तरी येतेय. पत्रा गार आणि प्रोसेसर शंभरीला, असंही होतं. म्हणून कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. दहा मिनिटं काहीही न करता आकडा बघा, मग गेम किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट लावून बघा. इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांवर स्वतःहून वेग कमी करतात. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले काही तर पूर्ण लोडवर, म्हणजे जड काम चालू असताना, ९५ ला जाण्यासाठीच बनवलेत, त्यामुळे तिथे ९५ दिसलं म्हणून धावपळ नको. बाकी साधारण मशीन लोडवर ८५ च्या आत असेल, तर चिंता सोडा.

आकडा किती चढला यापेक्षा किती वेळात चढला, ते बघा. दुकानदार सहसा हे सांगत नाहीत. लोड देताच चार-पाच सेकंदांत ५० वरून ९५ झालं, तर दोष बहुतेक वेळा कूलर (प्रोसेसरवर बसणारा हीटसिंक आणि फॅन) आणि प्रोसेसर यांच्या जोडात. पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेलं, तर कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाहीये. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि बहुतेक लोक नेमका उलटा उपाय करतात.

त्यात मीही होतो. दिवाळीच्या साफसफाईत इंटेलचा मूळ कूलर काढून परत बसवला आणि त्या दिवसापासून मशीन रांगायला लागलं. लोड दिला की आकडा थेट ९८. दोनदा पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधली फट भरून उष्णता पुढे नेणारा लेप) बदलली, एक जादा फॅन आणला, फरक शून्य. शेवटी मदरबोर्ड बाहेर काढून टॉर्च मारला. कूलर बोर्डवर धरून ठेवणाऱ्या चार पिना असतात. मागच्या बाजूला त्यातल्या तीन पिनांचे पांढरे प्लास्टिकचे पाय नीट फाकलेले होते आणि चौथ्याचे मिटलेले. कूलर एका कोपऱ्यात उचललेला होता, डोळ्यांना दिसणारही नाही इतकाच. त्या पिनांवर जो बाण कोरलेला असतो ना, तो पिन सोडवण्याची दिशा दाखवतो. मी 'घट्ट करतोय' असं समजून बाणाकडेच फिरवली होती. बाणाच्या उलट फिरवून ठेवायची आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबायच्या. टक् असा आवाज चारदा यायला हवा.

आता पेस्ट. भाकरीला लोणी फासावं तशी ती फासू नका, मटाराच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली की कूलरच्या दाबाने पसरते. जुन्या पेस्टवर नवी लावू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म असेल तर ती सोलायची. हसू नका, फिल्मसकट बसवलेले कूलर मी पाहिलेत. आणि एएमडीचं एएम४ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) असेल तर कूलर गार असताना सरळ वर ओढू नका. वाळलेली पेस्ट प्रोसेसरलाच सॉकेटमधून उपटून आणते आणि त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा आणि कूलर हलके डावीउजवीकडे फिरवत सोडवा.

तापमान हळूहळू चढत असेल, तर कॅबिनेटची एक बाजू उघडून तीच चाचणी परत करा. आठ-दहा अंश उतरले, तर हवेचीच अडचण आहे. मात्र ही झाली चाचणी. बाजू कायमची उघडी ठेवणं आणि समोर टेबलफॅन लावणं, हा आपल्याकडचा लाडका जुगाड धूळ, झुरळं आणि एखादी पाल आत घेऊन येतो. आमच्या विदर्भातली खास चूक म्हणजे पीसी थेट खोली गार करणाऱ्या वॉटर कूलरच्या झोतात ठेवणं. ओलसर हवेत धूळ चिकटते. हीटसिंकवरचा फॅन काढून बघा, खाली गोधडीचा तुकडा अंथरल्यासारखा थर निघेल. बाहेरून ब्लोअर मारून तो हलत नाही, फॅन काढूनच साफ करावा लागतो. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, गरगरा फिरू दिली तर बेअरिंगची वाट लागते.

फॅन उलटे लागलेले असणंही नेहमीचं. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढून आत आणि मागून-वरून बाहेर, एवढं जमलं की झालं. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात भिंतीला टेकवून ठेवलं असेल, तर वर्षभर फॅन बदलत बसलात तरी काही होणार नाही. ते बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा. आणि भरतकाम केलेलं कव्हर मशीन चालू असताना काढून ठेवायचं, हे घरातल्या मोठ्यांना प्रेमाने सांगा.

एक गफलत मात्र जाता जाता सांगतो. उष्णता वाढली की मशीन आधी मंदावतं, बंद पडणं ही नंतरची पायरी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ६५ अंशांवर असताना पीसी फटकन बंद होत असेल, तर पेस्टमागे लागू नका, संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर घ्या. धूळ काढायला म्हणून तो उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो. ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस एक दिवस मागून आणा, लावून बघा, फरक पडला तरच नवीन घ्या.